वाणावरचं नाव

इंग्लंडातल्या ब्रॅकनेलमधला फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांत संपतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो एकदा इथे राहून काढून बघावा. सुचेताने असे नऊ फेब्रुवारी काढले होते. दिवसाढवळ्या घरात दिवे, रॅडिएटरवर टाकलेले आणि तरी ओलेच राहिलेले मोजे, आणि ऑफिसात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, आता आलाच हं स्प्रिंग. तो काही येत नसे. म्हणून गावातल्या लेझर सेंटरच्या, म्हणजे क्रीडासंकुलाच्या, बॅडमिंटन हॉलमध्ये बागप्रदर्शन भरल्याचा बोर्ड दिसला, तेव्हा तिने नवऱ्याला, उदयला, मॅच बघत सोडलं आणि चौदा वर्षांच्या मायराला जवळजवळ ओढत तिकडे नेलं. स्प्रिंग येत नाही तर आपणच जाऊ त्याच्याकडे, असं ती म्हणाली. मायराने डोळे फिरवले.

खरं सांगायचं तर सुचेताच्या डोक्यात त्या रविवारी फुलं नव्हतीच, वाण होतं. गावातल्या मराठी बायकांचा 'सख्या' नावाचा ग्रुप होता आणि यंदा हळदीकुंकवाची पाळी तिची होती. रथसप्तमी केव्हाच होऊन गेली होती, पण इथे हॉल मिळेल ती रथसप्तमी. येत्या शनिवारी बत्तीस बायका येणार होत्या आणि पुण्याहून मागवलेले लाकडी करंडे कस्टम्समध्ये कुठेतरी अडकून पडले होते. त्यात ग्रुपवर फर्मान निघालेलं, की प्लॅस्टिक नको, काहीतरी इको-फ्रेंडली हवं. मागच्या वर्षी वैजयंतीने हाताने रंगवलेल्या पणत्या लुटल्या होत्या. त्यांचे फोटो अजून फिरत होते. वैजयंती सुचेताची जवळची मैत्रीण, त्यामुळे तिच्यापेक्षा कमी पडणं सुचेताला अजिबात परवडणारं नव्हतं.

प्रदर्शन मात्र छान होतं. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा आणि त्यांच्यावर ओळीने टेबलं, टेबलांवर कुंड्या. निळ्या-जांभळ्या हायसिंथचा वास इतका दाट, की मायराला लागोपाठ चार शिंका आल्या. एका टेबलापाशी दोन म्हातारे स्नोड्रॉपच्या बोटभर फुलांवर भिंग धरून उभे होते आणि एका पाकळीवरच्या हिरव्या ठिपक्यावरून अगदी हळू आवाजात भांडत होते. सुचेताला हसू आलं. मग कुठूनतरी ओल्या मातीचा वास आला आणि घटकाभर तिला खरोखरच बरं वाटलं.

आणि मग तिला कोपऱ्यातलं ते टेबल दिसलं.

ते बियांच्या अदलाबदलीचं टेबल होतं. आपल्याकडचं बी ठेवायचं, दुसऱ्याचं न्यायचं, पैशांचं नाव नाही. लोकांनी ठेवलेल्या चुरगळलेल्या पिशव्या एका टोपलीत होत्या. पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, पांढऱ्या कापडावर, खाकी कागदाच्या पुड्या एका मापाने ओळीत मांडलेल्या होत्या. गोंद नाही, टाचणी नाही. कागदाला तीन घड्या आणि कोपरा आत खोवलेला, वाण्याच्या पुडीसारखा. प्रत्येकीवर पेन्सिलीने काहीतरी बारीक लिहिलेलं. पुढे उभं केलेलं कार्ड : 'स्वीट पी. जेवढं पेराल तेवढं घ्या.' टेबलामागची खुर्ची रिकामी होती.

सुचेताचे डोळे चमकले. खाकी कागद, फुलांचं बी, स्प्रिंगच्या तोंडावर. याहून इको-फ्रेंडली वाण सबंध थेम्स व्हॅलीत कुणी लुटलं नसतं. तिने खांद्यावरची पिशवी उघडली आणि पुड्या उचलायला लागली.

"आई, काय करतेस?" मायरा कुजबुजली. "दॅट्स नॉट... ते कार्ड वाच ना. यू टेक व्हॉट यू विल ग्रो, असा लिहिलाय."

"मग पेरणारच आहोत की. बत्तीस जणी पेरतील."

"सगळे नको घेऊ. प्लीज. आपण काहीच ठेवला नाही तिकडे."

"अगं, फ्री आहे ते. ठेवलंय कशाला मग?"

"मला लाज वाटतोय, आई," मायरा म्हणाली आणि सरळ बाहेर कारपाशी जाऊन उभी राहिली.

सुचेताने शेवटच्या दोन पुड्यांपाशी हात आखडता घेतला. पण दोनच मागे ठेवणं बरं दिसेना, रिकाम्या कापडावर त्या उगाच डोळ्यांवर येत होत्या. म्हणून तिने त्याही घेतल्या. चौतीस झाल्या. बाहेर पडताना तिची चाल जरा जास्तच भरभर होती हे तिचं तिला कळलं होतं, पण माणूस अशा वेळी स्वतःला थंडीचं कारण देतो.

घरी तिने स्टिकर छापले. वर छोटी सूर्याची रांगोळी, खाली 'सौ. सुचेता उदय यांजकडून'. पेन्सिलीचं अक्षर जुनाट, किरटं, थोडं पुसट. ते तसं वर ठेवलं तर वाण कुणाचंतरी वापरलेलं वाटलं असतं. तिने प्रत्येक स्टिकर बरोब्बर त्या अक्षरावर बसवला आणि अंगठ्याने दाबला. काय लिहिलंय ते वाचावं असं तिला चौतीस वेळांत एकदाही वाटलं नाही.

शनिवारी दुपारी कम्युनिटी हॉल भरून गेला. पैठण्या, त्यांवर कार्डिगनं, दाराशी बुटांचा ढीग. मायरा गुलाबदाणी घेऊन दारात उभी होती, आईने दम दिला होता म्हणून. सुचेता एकेकीला हळदकुंकू लावत होती आणि हातावर पुडी ठेवत होती, आणि पहिल्या पाच जणींतच तिला कळलं, की बाजी मारली.

"अय्या, बी!" वैजयंती ओरडली. "किती युनिक! कुठून आणलंस गं?"

सुचेता नुसती हसली. इथवर काही बिघडलं नव्हतं. पण वैजयंती थांबणारी नव्हती.

"घरी केलंस? घड्या बघा काय सुबक घातल्यात. बीसुद्धा घरचंच?"

"हो म्हणजे..." सुचेता म्हणाली. "समरमध्ये लावली होती ना बागेत. बी धरून ठेवलं."

सुचेताच्या बागेत कपड्यांची दोरी होती आणि झाकण घातलेला बार्बेक्यू. पण एकदा बोललं की पुढचं आपोआप येतं. रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून पुड्या केल्या, हेही ती बोलली. कागद साधाच, पण बोटं दुखतात, हेही. बायका आ वासून ऐकत होत्या. नागपूरहून तीन महिन्यांपूर्वी आलेली वैभवी, जी इथे कुणालाच फारशी ओळखत नव्हती, ती पुडी दोन्ही हातांत धरून म्हणाली, "ताई, तुम्ही नोकरी करून हे सगळं कधी करता?" सुचेताने नम्रपणे मान हलवली. मायराने गुलाबदाणी टेबलावर ठेवली आणि ती कोटांच्या खोलीत जाऊन बसली.

सहाच्या सुमाराला हॉलची चावी घेऊन ब्रेंडा आली. ब्रेंडा सत्तरीच्या पुढची, हॉलच्या शेजारच्या बैठ्या घरात राहणारी. गेली सहा वर्षं सख्यांचा प्रत्येक कार्यक्रम तिच्या चावीने उघडत होता आणि तिच्या चावीने बंद होत होता. सुचेताच्या फोनमध्ये तिचं नाव 'ब्रेंडा हॉल चावी' असं होतं. ती दारात थबकली, तर वैजयंतीने तिला हाताला धरून आत ओढलंच. आपल्या हळदीकुंकवाला कुणालाही मज्जाव नाही, नवरा असो-नसो, असं ग्रुपने केव्हाच ठरवलं होतं. ब्रेंडा हसत खाली वाकली, सुचेताने तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातावर पुडी ठेवली.

"आमच्या सुचेताच्या बागेतलं बी आहे," वैजयंतीने मोठ्या आवाजात इंग्रजीत सांगितलं. "सगळं तिने स्वतःच्या हाताने केलंय!"

ब्रेंडाने पुडीकडे बघितलं. तिचा अंगठा घडीवरून फिरला आणि जिथे कोपरा आत खोवला होता तिथे थांबला. मग तिने नखाने स्टिकरची एक कड जराशी उचलली. खाली काय आहे ते बघायला तिला एक क्षण पुरला. ती कड तिने पुन्हा खाली बसवली, हलक्या हाताने, एखाद्या पोराच्या गुडघ्यावरची पट्टी बसवावी तशी.

ती रिकामी खुर्ची कुणाची होती हे सुचेताला आत्ता कळलं.

"तू लावले होतेस हे वेल?" ब्रेंडाने विचारलं. आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती, आणि तिने प्रश्न अशा रीतीने विचारला होता, की नाही म्हणायला अजून जागा होती.

भोवती बारा-पंधरा बायका हसऱ्या तोंडाने उभ्या होत्या. वैजयंती फोन काढून फोटो घ्यायच्या तयारीत होती.

"हो," सुचेता म्हणाली.

ब्रेंडाने मान डोलावली. मग ती सगळ्यांकडे वळून म्हणाली, "रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. मार्चमध्ये कुंडीत दोन-दोन दाणे टाका. वेल बोटभर झाला की शेंडा खुडा, जीव तुटला तरी खुडा, म्हणजे फुटवे येतात. आणि गोगलगायींवर लक्ष ठेवा." बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या सुचेतासाठीच होत्या. ब्रेंडाही वाजवत होती. मग तिने पुडी कार्डिगनच्या खिशात घातली आणि ती मागच्या खिडक्या लावायला गेली.

त्यानंतरचे तीन दिवस सुचेताने कसे काढले ते तिचं तिला माहीत. मीटिंगमध्ये कुणी साधं 'यू ओके?' विचारलं तरी तिच्या कानाच्या पाळ्या तापत. उदयला तिने अर्धवट सांगून बघितलं, तर तो लॅपटॉपवरून मान न काढता म्हणाला, "फ्रीच होतं ना? मग?" मायरा काही बोलत नव्हती. जेवताना मीठ मागायची, ताट उचलायची, वर जायची. पोरगी भांडली असती तर बरं झालं असतं. सुचेताला आठवून आठवून लाज वाटत होती ती पुड्या उचलल्याची नव्हे. ती त्या 'हो'ची होती. तो शब्द उच्चारायला तिला अजिबात वेळ लागला नव्हता.

मंगळवारी ती अर्धा दिवस रजा टाकून ब्रेंडाच्या दाराशी गेली. हातात नारळाच्या वड्यांचा डबा. वाटेत तिने इंग्रजीत चार वाक्यं पाठ केली होती. दार उघडलं आणि चारही पळाली.

"ते बी तुमचं होतं," ती कशीबशी म्हणाली. "मी खोटं बोलले. आय ॲम सो सॉरी."

"आत ये," ब्रेंडा म्हणाली. "बाहेर गारठा आहे."

स्वयंपाकघरात चहा झाला. खिडकीतून मागचं कुंपण दिसत होतं. त्याच्यावर गेल्या वर्षीच्या वाळक्या वेलांच्या काड्या अजून अडकलेल्या होत्या. ब्रेंडाने वडीचा तुकडा तोंडात टाकला, छान झालीय म्हणाली, आणि मग कपाकडे बघत सांगायला लागली.

"बी माझं नाही, डेरेकचं. माझा नवरा. दर सप्टेंबरात तो या टेबलावर बसून शेंगा फोडायचा आणि पुड्या बांधायचा. तो गेला त्याच्या तीन आठवडे आधी त्याने शेवटच्या बांधल्या. हात थरथरत होते, म्हणून ते अक्षर तसं आलंय. दोन वर्षं मी त्या डब्यात ठेवल्या. पण बी फार दिवस ठेवून चालत नाही, मरतं. म्हणून म्हटलं, यंदा वाटून टाकू."

"मी चहा आणायला गेले आणि परत येऊन बघते तर टेबल रिकामं," ब्रेंडा म्हणाली. "मला किती आनंद झाला म्हणून सांगू. घरी येऊन मी त्याच्या फोटोला सांगितलं, डेरेक, चौतीस घरं!"

सुचेताच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसावं तर ब्रेंडाला दिसणार, न पुसावं तर टेबलावर पडणार. तिने कप उचलून तोंडाला लावला. चहा केव्हाच संपला होता.

"तशी आता बत्तीस घरं झालीच की," ब्रेंडा म्हणाली. "मला बी गेल्याचं वाईट नाही वाटत, खरंच नाही. तू मागितलं असतंस तर सगळं दिलं असतं, वर पुड्या मोजून दिल्या असत्या. फक्त, त्याचं नाव होतं त्यावर. त्यावर तू तुझं चिकटवलंस. ते मला जरा जड गेलं."

"मला माफ करा," सुचेता म्हणाली. या खेपेला ते इंग्रजीतून आलंच नाही, मराठीतून आलं. ब्रेंडाला ते कळलं असावं, कारण तिने सुचेताच्या मनगटावर हात ठेवला.

आणि सुचेताचा जीव भांड्यात पडला. झालं एकदाचं. आपण आलो, बोललो, रडलो, मिटलं. ती डब्याचं झाकण लावायला लागली. तेवढ्यात ब्रेंडाने अगदी सहज, पाहुण्याला निरोप देताना विचारावं तसं विचारलं, "तुझ्या मैत्रिणी काय म्हणाल्या, तू सांगितल्यावर?"

सुचेताच्या ओठांवर उत्तर तयार होतं. समजून घेतलं त्यांनी. छान, घडीव उत्तर, आणि ते आपोआप आलं होतं, शनिवारच्या 'हो'सारखंच. खोटं अजून आपल्या इतकं हाताशी आहे, हे बघून तिला स्वतःची शिसारी आली.

"सांगितलं नाही अजून," ती म्हणाली.

"अच्छा," ब्रेंडा म्हणाली. एवढंच. तिने मनगटावरचा हात काढून घेतला असं नाही, पण कप उचलायचे होते, म्हणून तो निघाला. सुचेताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती चार बंद भिंतींत माफी मागायला आली होती, आणि बत्तीस बायकांसमोर घेतलेल्या टाळ्या तिने तशाच खिशात ठेवल्या होत्या.

कारमध्ये बसून तिने फोन काढला. काचा धुरकटल्या होत्या. ग्रुपवर अजून हळदीकुंकवाचेच फोटो चालू होते. तिने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि विचार करायला वेळ न देता पाठवून दिलं.

'सख्यांनो, वाणातलं बी माझ्या बागेतलं नव्हतं. प्रदर्शनातल्या एका टेबलावरून मी सगळंच्या सगळं उचलून आणलं. ते ब्रेंडाच्या नवऱ्याने, डेरेकने, जाण्याआधी जमवलेलं शेवटचं बी आहे. पुड्या त्याने बांधलेल्या, वरचं अक्षर त्याचं. मी त्यावर माझा स्टिकर लावला. ब्रेंडाच्या तोंडावर खोटं बोलले आणि तुमच्याशीही. मला लाज वाटते.'

ती डोळे मिटून बसली. आता फोन वाजेल. वैजयंती तोंडात मारल्यासारखं काहीतरी बोलेल, कुणी ग्रुप सोडेल, कुणी पुढच्या वर्षी बोलावणार नाही. जे येईल ते ऐकून घ्यायचं असं तिने मन घट्ट केलं होतं.

फोन टणटणला. 'अगं त्यात काय एवढं!' वैजयंतीने लिहिलं होतं, पुढे हसून लोळणारे तीन चेहरे. 'फ्री होतं ना?' मग दुसरीचं : 'आपण हॉटेलातले शाम्पू नाही का आणत!' मग तिसरीचं : 'तरीच! तुझ्या बागेत फुलं कधी बघितली नव्हती.' पुन्हा हसरे चेहरे. 'ब्रेंडा स्वीट आहे, मनावर नाही घेणार.' 'पुढच्या वर्षी कुठून ढापायचं ते आत्ताच ठरवू या.' अंगठ्यांची रांग लागली. दहा मिनिटांत सगळ्यांनी तिला माफ करून टाकलं होतं, आणि कुणीतरी लगेच ढोकळ्याची रेसिपी विचारली.

सुचेता त्या अंगठ्यांकडे बघत राहिली. आपण त्या टेबलापाशी अगदी हेच बोललो होतो, आपल्या पोरीला. एकीने, बत्तिसांतल्या एकीने तरी रागवायला हवं होतं, असं तिला वाटलं, आणि रडू यायचं ते आता आलं.

तेवढ्यात एक वेगळा मेसेज आला, ग्रुपवर नाही, तिला एकटीला. वैभवीचा होता. खाली फोटो, एका पुडीचा. स्टिकर वाफेवर धरून सोडवलेला, पण त्याच्याबरोबर कागदाचा वरचा पापुद्रा निघून आला होता आणि पेन्सिलीची एक-दोन वळणं तेवढी उरली होती.

'ताई, अक्षर गेलं हो,' वैभवीने लिहिलं होतं. 'त्यांचं पूर्ण नाव काय? मी कुंडीवर लिहिणार आहे.'

सुचेताने 'डेरेक' एवढं लिहिलं आणि तिचा अंगठा थांबला. सहा वर्षं चावी घेतली, चावी दिली, आत्ता अर्धा तास त्या बाईच्या टेबलावर बसून चहा प्यायला, आणि तिचं आडनाव आपण एकदाही विचारलं नाही.

ती कारमधून उतरली, पुन्हा त्या दाराशी गेली आणि बेल वाजवली. ब्रेंडा ओले हात पुसत आली. काही राहिलं का, म्हणाली.

"आडनाव," सुचेता म्हणाली. "डेरेकचं. मला सगळ्यांना कळवायचं आहे."

ब्रेंडाने एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि सुचेताने दारात उभ्या उभ्या, मान खाली घालून, ते लिहून घेतलं.